लांब शब्दांची फोड

आयात-निर्यातीचा पत्रव्यवहार चोख सांभाळणारे अनेक तरुण परदेशी ग्राहकाशी दूरध्वनीवर बोलताना मात्र लांब इंग्रजी शब्दापाशी अडखळतात. स्पेलिंग तोंडपाठ असते, तरी शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि ठरत आलेला व्यवहार गैरसमजात अडकतो. शब्दाची फोड करण्याची सवय लागली, तर ही अडचण बरीच दूर होते.

ही फोड दोन प्रकारची असते. पहिली अर्थाची. संस्कृत ‘हृ’ धातूपासून निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार हे शब्द बनतात. इंग्रजीतही तीच रीत आहे. ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूमागे ‘बाहेर’ सुचविणारा उपसर्ग लागला की एक्स्पोर्ट, ‘आत’ सुचविणारा लागला की इम्पोर्ट, ‘पलीकडे’ सुचविणारा लागला की ट्रान्स्पोर्ट. एक धातू कळला की शब्दांचे सारे कुटुंब ओळखीचे होते.

दुसरी फोड उच्चाराची. ‘ट्रान्स्पोर्टेशन’चे अर्थाच्या दृष्टीने उपसर्ग, धातू आणि प्रत्यय असे तीन भाग पडतात, कानाला मात्र ट्रान्स्-पोर्-टे-शन असे चार उच्चारघटक ऐकू येतात. त्यांपैकी ‘टे’वर मुख्य आघात येतो.

मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही. म्हणून आपण सर्व घटक सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजीत आघात हा शब्दाचा कणा आहे. ‘एक्स्पोर्ट’ हे नाम असेल तर आघात पहिल्या घटकावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर येतो. प्रत्ययाबरोबर आघात सरकतोही: ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या घटकावर, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर असतो. आघात नसलेले स्वर दुबळे होतात, म्हणून ‘फोटोग्राफी’ इंग्रजांच्या तोंडी ‘फटॉग्रफी’सारखे ऐकू येते.

एक नियम फार उपयोगी आहे. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आले की आघात बहुधा त्याच्या लगतच्या आधीच्या घटकावर पडतो. ‘रि-स्पॉन्-सि-बिल्-इ-टी’ या सहा घटकांत जोर ‘बिल्’वर येतो. ‘पॉलिटिक्स’सारखे अपवाद आहेत, ते वेगळे लक्षात ठेवावेत.

शब्दकोशांत आघाताच्या घटकाआधी बहुधा छोटी उभी रेघ दिलेली असते. रोजच्या पत्रांतील पाच शब्द घेऊन ती रेघ पाहावी, टाळी देत घटक मोजावेत आणि शब्द मोठ्याने म्हणावा. घरातील मुलांनाही सोबत घ्यावे. मोठी रक्कम हप्त्यांत फेडता येते, तसा मोठा शब्दही घटकाघटकाने आपलासा करता येतो.