रक्तगट जुळला, तरी...

बायकोला मूत्रपिंड द्यायला नवरा तयार झाला, दोघांचा रक्तगटही एकच निघाला, की जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात घरच्यांना वाटते, निम्मे काम झाले. पण मोठ्या शहरातल्या रुग्णालयात एक तपासणी होते आणि डॉक्टर सांगतात, यांचे मूत्रपिंड यांना चालणार नाही. मंडळी नशिबाला बोल लावत परतीची एसटी धरतात. खरे कारण मात्र त्या बाईच्या बाळंतपणात असू शकते.

कसे ते पाहू. आपल्या बहुतेक पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांना ऊतींचे प्रतिजन म्हणतात. फ्रान्सचे जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यातला पहिला ओळखला. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांत दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. नवरा-बायकोत तशी खात्री नाही; मामाच्या मुलीशी लग्न असेल तर कधी एखादा संच सारखा निघतो, एवढेच.

पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा वडिलांच्या. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात आणि तिचे शरीर त्या परक्या समजून प्रतिपिंडे तयार करते. सगळ्याच बायकांत असे होत नाही, पण बाळंतपणे वाढली की शक्यता वाढते. पुढे त्याच नवऱ्याचे मूत्रपिंड बसवले, तर ते काही तासांतही निकामी होऊ शकते. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत दाखवले, की क्रॉसमॅच तपासणी प्रतिकूल असताना बसवलेल्या ३० मूत्रपिंडांपैकी २४ ताबडतोब बंद पडली. अनुकूल असताना १९५ पैकी फक्त ८.

रक्त चढवल्यानेही अशी प्रतिपिंडे तयार होतात. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाला 'एक बाटली चढवाच' असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी बरेचदा भागते. जीवावरच बेतले तर गोष्ट वेगळी.

नकार मिळाला म्हणजे सगळे संपले असे नाही. २०११ च्या कायदादुरुस्तीने अशा दोन जोडप्यांना आपसांत मूत्रपिंडांची अदलाबदल करता येते. मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी रुग्णालयामार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय केंद्राच्या यादीत नाव घालता येते. तिथे वाट पाहावी लागते, हे खरे.

आणि डॉक्टर विचारतील तेव्हा बाळंतपणे किती, गर्भपात झाला होता का, रक्त कधी चढवले, हे सारे आठवून सांगावे. सासू शेजारी बसली असेल, तर तिला जरा बाहेर थांबायला सांगावे.