पोटातला पाट तुंबतो तेव्हा



पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या थांबत नाहीत, शौचाला होत नाही की वारा सरत नाही, अशी लक्षणे एकत्र दिसली तर लहान आतडे अडल्याची शंका घ्यावी. पाट तुंबला की वरच्या अंगाला पाणी फुगते आणि खालचा वाफा कोरडा राहतो, तसेच इथे होते.

नेहमीची कारणे म्हणजे जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटणे आणि हर्निया. पण कधी कारण भलतेच निघते. आतड्याचा क्षय, जंतांचा गुंता, न चावलेल्या चोथ्याचा किंवा गिळलेल्या केसांचा गोळा, पित्ताशयातून उतरलेला खडा, नाहीतर आतडे आतड्यातच शिरणे. पोट नुसते चाचपून हे कळत नाही.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हवा-पाण्याच्या पायऱ्या दिसतात, त्यावरून अडथळा आहे एवढे समजते. सोनोग्राफीत वळवळणारे जंतही दिसू शकतात. सी. टी. स्कॅन पोटाचे आडवे काप दाखवतो. फुगलेले आतडे संपून बारीक आतडे जिथे सुरू होते, तिथे कारण शोधायचे. आतड्यात आतडे शिरले असेल तर कापलेल्या कांद्यासारखी कडी दिसतात. पित्तनळीत हवा आणि आतड्यात खडा दिसला, तर वाट त्या खड्यानेच अडवली. शिरेतून दिलेले औषध आतड्याच्या भिंतीत उतरत नसेल तर रक्तपुरवठा तुटल्याची भीती असते; मग ऑपरेशन लांबवता येत नाही.

दुखणे हटेना की परळ गाठायचे, ही आपली जुनी रीत. लालबाग-परळच्या चाळीत गावचा माणूस असे, आणि जवळच १९२६ साली सुरू झालेले पालिकेचे के. ई. एम. रुग्णालय. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी दादरला उतरून परळला जाणारे रुग्ण आजही आहेत. जुनाट दुखण्याला हे ठीक. पण आतडे अडले असताना रात्रभराचा प्रवास जिवावर बेतू शकतो. आधी जवळचा सर्जन गाठावा. त्यांनी पाठवले तरच चिठ्ठी आणि फिल्म घेऊन पुढे जावे.

एरंडेल पाजू नये, पोट चोळू नये, तोंडाने काही देऊ नये. जुन्या ऑपरेशनचे कागद बरोबर घ्यावेत. आणि तोड आलीय म्हणून घरी थांबू नये. ऊस आठ दिवस थांबेल, आतडे थांबत नाही.