गळा पाहा, मग नाव सांगा

बाल्कनीतल्या वायरला, कपडे वाळत घालायच्या दोरीला किंवा कुंडीतून लोंबणाऱ्या वेलीला एक मळकट पिशवी लटकलेली दिसते. कोळ्याच्या जाळ्यांनी चिकटवलेल्या काड्या, सालींचे तुकडे, वाळकी पानं. बाजूला एक भोक आणि त्यावर छोटासा छज्जा. घरटं शिंजीराचं, एवढं बहुतेकांना कळतं. पण कोणत्या शिंजीराचं? इथे गाडी अडते. कारण काड्या घेऊन येणारा पक्षी पिवळा असतो आणि महाराष्ट्रात सर्रास दिसणाऱ्या दोन्ही शिंजीरांच्या माद्या पिवळ्याच असतात.

हे दोघे म्हणजे जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा, म्हणजेच पंचरंगी शिंजीर. लांबी जेमतेम १० सेंटीमीटर, चोच बाकदार. नरांमध्ये गोंधळ होत नाही. जांभळ्याचा नर उन्हात निळा-जांभळा झळकतो आणि सावलीत चक्क काळा दिसतो, कारण ही झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्यामुळे दिसते. पंचरंगीच्या नराचा माथा हिरवा, पाठ तांबूस, गळा जांभळा आणि पोट पिवळं. पुस्तकांत याच नरांची चित्रं मोठी आणि ठसठशीत असतात, मादी कोपऱ्यात. मला हा क्रम उलटा हवा असं वाटतं. दोन्ही जातींत घरटं बांधण्याचं काम जवळजवळ पूर्णपणे मादीच करते, म्हणजे घराशी नातं जोडणारा पक्षी तीच. ओळख तिच्यापासून सुरू व्हायला हवी.

खूण सोपी आहे: गळा पाहा. जांभळ्या शिंजीराची मादी हनुवटीपासून पोटापर्यंत सलग पिवळी असते. पंचरंगीच्या मादीचा गळा राखाडी-पांढरा असतो, पिवळा रंग छातीवर सुरू होतो आणि कुशीकडे पुन्हा पांढरट होत जातो. गळा दिसलाच नाही, तर पंख पाहावेत. पंचरंगीच्या मादीच्या पंखांवर तांबूस झाक असते, जांभळ्याच्या मादीला ती नसते. तिच्या डोळ्यावर मात्र फिकट भुवई असते.

एक फसगत नेहमी होते. वीण संपली की जांभळ्या शिंजीराचा नर आपला चमकदार वेष उतरवतो आणि जवळपास मादीसारखाच पिवळा दिसू लागतो. हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध उतरणारा गडद पट्टा दिसला, की तो नर समजावा. वयात येणारे कोवळे नरही असेच पट्टेवाले असतात. पंचरंगीचा नर असा वेष बदलत नाही, त्यामुळे पट्टा दिसताच दुसरं नाव आपोआप बाद होतं. कोकणात आणि सह्याद्रीत लोटेनचा शिंजीरही असतो, त्याची चोच या दोघांपेक्षा ठळकपणे लांब आणि अधिक वाकडी.

नकाशाही मदत करतो. जांभळा शिंजीर पार इराणपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. पंचरंगीचा मुलूख मुख्यतः भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका. राजस्थानच्या कोरड्या भागात फिरताना हा प्रश्न पडणारच नाही. महाराष्ट्रात मात्र एकाच जास्वंदीवर दोघं येतात.

घरट्याचं काम सुरू असतानाचे दिवस फार नाजूक. बांधकामाच्या सुरुवातीला त्रास झाला तर शिंजीर घरटं अर्धवट सोडून जातात, म्हणून तेव्हा फोटोसाठी खुर्ची ओढून जवळ जाऊ नये. गॅलरीतली जळमटं लगेच झाडून टाकण्याची घाईही करू नये. मादीचा सगळा डिंक तोच आहे. घरट्यात बहुधा दोन अंडी असतात आणि ती साधारण दोन आठवडे उबवावी लागतात. मादी आत बसली की तिचं तोंड भोकाशी असतं. खिडकीच्या आतून, पडद्याआडून दुर्बिणीने पाहिलं तरी गळ्याचा रंग नीट दिसतो.

पिल्लं निघाल्यावर चित्र बदलतं. फुलांतला मध पिणाऱ्या या पक्ष्यांच्या पिल्लांना वाढीसाठी किडे आणि कोळी लागतात, आणि ते भरवायला आता नरही येऊ लागतो. मादीच्या गळ्याबद्दल काही शंका उरली असेल, तर ती इथे मिटते.