पाच डॉलरचा कोट आणि चार ओळींचा कागद : गोल्फची दुर्मिळ पुस्तकं, वस्तू आणि त्यांचे लिलाव

आजच्या विषयाची पाटी वाचून दोघा-तिघांनी दारातच विचारलं, "गोल्फ? त्याचा आपल्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः गोल्फ खेळत नाही. आम्ही जुन्या पुस्तकांच्या नादाला लागलेली माणसं. त्या नादातून लिलावांचे कॅटलॉग वाचायला लागलो आणि तिथे गोल्फ भेटला. जुन्या वस्तूची किंमत कशी ठरते, हे जितकं उघडं करून हा खेळ दाखवतो, तितकं फार थोड्या गोष्टी दाखवतात. म्हणून हा विषय.

सुरुवात दोन कोटांपासून करू.

एकाच कपाटातले दोन कोट

अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल नावाचा क्लब आहे. 'मास्टर्स' ही स्पर्धा तिथे होते आणि विजेत्याला हिरवा कोट देतात. क्लबचे सभासदही तसाच कोट घालतात. १९९४ साली टोरांटोतल्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात असाच एक कोट कुणाला तरी पाच डॉलरला मिळाला. कोट अस्सल निघाला, पण आतल्या पट्टीवरचं मालकाचं नाव कापलेलं होतं. २०१७ साली लिलावात तो सुमारे १ लाख ३९ हजार डॉलरला गेला.

आता दुसरा कोट. हॉर्टन स्मिथ हा मास्टर्सचा पहिला विजेता, १९३४ चा. १९३६ मध्ये तो पुन्हा जिंकला. विजेत्यांना कोट देण्याची प्रथा १९४९ मध्ये सुरू झाली, तेव्हा आधीच्या विजेत्यांनाही कोट मिळाले. स्मिथचा कोट पुढे अनेक वर्षं नातेवाइकांच्या कपाटात पडून होता. २०१३ साली तो लिलावात आला आणि ६ लाख ८२ हजार डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला.

कापड तेच, रंग तोच, क्लब तोच. मग जवळजवळ पाचपट फरक कशाचा? एका नावाचा. हा कोट कुणाचा, तिथून इथे कसा आला, हे एकाबाबत सांगता येतं, दुसऱ्याबाबत येत नाही. लिलावाच्या भाषेत याला 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. आपण त्याला मालकीचा माग म्हणू. आज आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, की लिलावात माणूस वस्तूबरोबर पुरावा विकत घेत असतो. आणि पुष्कळदा वस्तूपेक्षा पुराव्याचेच पैसे जास्त मोजतो.

जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे

आपल्याकडे एक समज घट्ट आहे, की वस्तू जितकी जुनी तितकी महाग. तसं नाही. जी वस्तू जपून ठेवावी असं त्या काळी कुणालाच वाटलं नाही, तीच पुढे दुर्मिळ होते. जत्रेत मिळणाऱ्या छोट्या पोथ्या आठवा, किंवा तमाशाची हँडबिलं. हजारोंनी छापली, आता शोधायला जा.

गोल्फचंही तसंच. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्येच या खेळावर बंदी घातली होती. लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा, चेंडू कसले खेळता, असा त्यामागचा विचार. म्हणजे खेळ जुनाच. पण केवळ गोल्फला वाहिलेलं पहिलं पुस्तक आलं ते १७४३ साली, एडिंबरामध्ये. नाव 'द गॉफ', लेखक थॉमस मॅथिसन. तीन सर्गांचं, वीरकाव्याची गंमत करणारं काव्य. जेमतेम दोन डझन पानांची ही पुस्तिका. अशा पुस्तिकेला जाड पुठ्ठा नसतो, ती वाचायची आणि टाकून द्यायची. त्यामुळे पहिल्या आवृत्तीच्या फारच थोड्या प्रती उरल्या. १७६३ आणि १७९३ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या, त्याही आज संग्राहकांना स्वप्नवत.

खेळ कसा खेळावा हे शिकवणारं पहिलं पुस्तक मात्र थेट १८५७ मध्ये आलं, 'द गोल्फर्स मॅन्युअल'. लेखकाने 'अ कीन हँड' असं टोपणनाव घेतलं होतं. खरं नाव हेन्री फार्नी. १८७५ मध्ये रॉबर्ट क्लार्कचं 'गोल्फ : अ रॉयल अँड एन्शंट गेम' निघालं. त्याच्या मोठ्या कागदावरच्या फक्त ५० प्रती होत्या. १९२७ मध्ये बॉबी जोन्सचं 'डाउन द फेअरवे' आलं, त्याच्या सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या ३०० प्रती काढल्या. इथे दोन प्रकारची दुर्मिळता दिसते. क्लार्क आणि जोन्सच्या खास प्रती मुळातच मोजून काढलेल्या. 'द गॉफ'ची दुर्मिळता काळाने घडवलेली.

चेंडू फुटतो, म्हणून महाग

वस्तूंतही हाच न्याय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू म्हणजे चामड्याची शिवलेली पिशवी. तीत उकडलेली पिसं ठासून भरायची, हॅटभर पिसं एका चेंडूत जातात असं म्हणत. या चेंडूला 'फेदरी' म्हणतात. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करायचा. भिजला की चेंडू जड व्हायचा, शिवण उसवून फुटायचा. म्हणून जो वापरला तो संपला, आणि जो कुठेतरी खणात विसरला गेला तोच आपल्यापर्यंत पोचला. सेंट अँड्र्यूजच्या ॲलन रॉबर्टसनने त्यावर आपल्या नावाचा ठसा उमटवला असेल, तर किंमत आणखी चढते. पुन्हा नावच आलं, पाहा.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे मलायाकडच्या झाडाच्या चिकापासून केलेला चेंडू आला आणि फेदरीचा धंदा बसला. या गटापर्चाबद्दल एक दंतकथा सांगतात. सेंट अँड्र्यूजमधल्या पॅटरसन कुटुंबाकडे हिंदुस्थानातून विष्णूची मूर्ती आली. तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते, आणि घरातल्या मुलाने त्यातून पहिला चेंडू वळला. गोष्ट गोड आहे, पण पुरावा म्हणून ती उभी राहत नाही. कॅटलॉगात अशी गोड गोष्ट दिसली की आम्ही आधी विचारतो, हे कुठे लिहिलेलं आहे? कुणी, कधी लिहिलं?

आमची फजिती

आता आमचीच गोष्ट. बर्नार्ड डार्विन हे चार्ल्स डार्विनचे नातू आणि गोल्फवर लिहिणारे मोठे लेखक. १९१० मध्ये त्यांचं ब्रिटिश बेटांवरच्या गोल्फ मैदानांचं पुस्तक आलं, हॅरी राउंट्रीच्या ६४ चित्रांसह. परदेशातल्या एका लहान लिलावात ते स्वस्तात दिसलं. आम्ही ऑनलाइन बोली लावली. मिळालं! आठवडाभर आनंदात होतो.

पार्सल आलं. बांधणी छान. पानं उलटताना एका ठिकाणी बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. पान नव्हतं, शिवणीशी पानाची कापलेली कड उरली होती. मग मोजायला बसलो. ६४ पैकी चित्रं भरली ५७. सात चित्रं कुणीतरी ब्लेडने सफाईने काढून घेतली होती.

रागाने कॅटलॉग उघडला. नोंदीच्या शेवटी तीन अक्षरं होती, 'डब्ल्यू. ए. एफ.'. अर्थ, 'विथ ऑल फॉल्ट्स', सगळ्या दोषांसह. नेहमीच्या नियमांप्रमाणे न सांगितलेली पानं कमी निघाली, तर ठरावीक मुदतीत पुस्तक परत करता येतं. ही तीन अक्षरं असली, की तो दरवाजा बंद. दोष विकणाऱ्याचा नव्हता. आम्ही नोंद शेवटपर्यंत वाचली नव्हती.

पण ती सात चित्रं गेली कुठे? कुठल्या तरी क्लबच्या किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर, फ्रेममध्ये. सुट्या चित्रांचे मिळून पैसे अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त होतात, म्हणून पुस्तकं कापली जातात. आपण सुटं चित्र हौसेने घेतो, तेव्हा पुढच्या पुस्तकाला ब्लेड लावायला आपणच बळ देतो. पैसे गेल्यापेक्षा हे आम्हाला जास्त लागलं.

हातोडा पडल्यावरचा हिशोब

पैशाचं थोडक्यात सांगतो. कॅटलॉगात अंदाजाच्या दोन किमती असतात, खालची आणि वरची. विकणाऱ्याची गुप्त किमान किंमत, म्हणजे 'रिझर्व्ह', ही सहसा खालच्या अंदाजाच्या वर नसते. हातोडा पडला ती झाली 'हॅमर प्राइस'. ती तुमची किंमत नव्हे! लंडनमध्ये १९७५ साली ख्रिस्तीज आणि सदबीज यांनी खरेदीदाराकडून १० टक्के 'बायर्स प्रीमियम' घ्यायला सुरुवात केली. आज तो बऱ्याच ठिकाणी २५ टक्के किंवा त्याहून अधिक असतो.

समजा, इंग्लंडमध्ये एक जुनी गोल्फची काठी १,००० पौंडांना सुटली. २५ टक्के प्रीमियम म्हणजे २५० पौंड. त्या प्रीमियमवर २० टक्के कर, म्हणजे ५० पौंड. झाले १,३००. वर कुरिअर, विमा आणि इथली कस्टम ड्युटी. म्हणून तुमच्या खिशात १,००० पौंडच असतील, तर बोली ७७० च्या बरीच खाली थांबली पाहिजे. हा आकडा आधी कागदावर लिहा. लिलाव चालू असताना डोकं चालत नाही, हातच चालतो.

पुरावा तपासायचा कसा

ह्यू फिल्प हे सेंट अँड्र्यूजचे नामांकित काठी-कारागीर, १८५६ मध्ये वारले. त्यांच्या लांब डोक्याच्या लाकडी काठ्यांना इतका मान, की त्यांच्या नावाचे खोटे ठसे मारणारेही निघाले. म्हणजे ठसा हा पुरावा, पण एकटा ठसा पुरेसा नाही. लाकूड, आकार, दोरा गुंडाळलेला सांधा, मालकांची साखळी, सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. सहीचंही तसंच. बॉबी जोन्स यांना १९४८ नंतर मज्जारज्जूच्या आजाराने ग्रासलं आणि अक्षर बिघडत गेलं. मग १९६० च्या तारखेखाली तरुण वयातली ठणठणीत सही दिसली, तर थांबून विचार करावा.

पुराव्यावरून वादही होतात. टायगर वुड्सने २०००-०१ मध्ये लागोपाठ चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्या वेळचे म्हणून सांगितलेले त्याचे लोखंडी क्लब २०१० मध्ये सुमारे ५७ हजार डॉलरला गेले, आणि २०२२ मध्ये ५१ लाखांहून अधिक डॉलरला. वुड्सच्या बाजूने पूर्वी सांगितलं गेलं होतं, की ते क्लब त्याच्याकडेच आहेत. विक्रीबरोबर क्लब-कंपनीच्या तेव्हाच्या कर्मचाऱ्याचं शपथपत्र होतं. घेणाऱ्याने त्या कागदावर विश्वास ठेवला. ५१ लाख डॉलर धातूला नव्हे, त्या विश्वासाला मिळाले.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : आमचं बजेट हजार-दोन हजार रुपयांचं. आम्ही काय करावं?*

आधी माहिती गोळा करा, वस्तू नंतर. जोसेफ मर्डॉक यांची १९६८ ची ग्रंथसूची, आणि डोनोव्हन-मर्डॉक यांची मोठी सूची, या दोन वाटाड्या. जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं निघाली आहेत, ती वाचायला उत्तम. फक्त मूळ प्रत समजून घेऊ नका. आणि आपल्याकडचे कागद बघा. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला होता. जुनी स्कोअरकार्डं, नियमपुस्तिका, स्पर्धांची निमंत्रणं रद्दीत जातात. ती आज कुणाला नकोत. 'द गॉफ'देखील एकेकाळी कुणाला नको होतं.

*प्रश्न : आजोबा मुंबईत एका क्लबमध्ये नोकरीला होते. साहेबाने दिलेली एक काठी घरात आहे. पॉलिश करून घेऊ का?*

नको! पॉलिश करू नका, घासू नका, नवा दोरा गुंडाळू नका. घरात त्या काळचं कुणी आहे का? आत्या आहेत? मग आज घरी गेल्यावर आत्यांजवळ बसा. कोणता क्लब, साधारण कोणतं वर्ष, साहेबाचं नाव काय, काठी का दिली, हे त्यांच्याच शब्दांत चार ओळींत लिहून घ्या. खाली तारीख आणि त्यांची सही. आजोबांचा नोकरीचा एखादा कागद, फोटो असेल तर त्यासोबत ठेवा. काठी बाजारात दोनशे रुपयांची निघेल, कदाचित काहीच नाही. पण आत्या आहेत तोवरच त्या चार ओळी मिळतील. टोरांटोच्या कोटाच्या पट्टीवरून कुणीतरी जे कापलं, ते पुन्हा शिवता आलं नाही. तुमच्या घरी ते अजून शाबूत आहे.