रग्बी : कोठे रुजला, कोठे नाही

१८७८ साली कोलकात्यातील ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ने आपले बँकेतील खाते बंद केले. शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढून घेण्यात आली आणि ते रुपये वितळवून त्यांचा एक चषक घडविण्यात आला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’ इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट देण्यात आला. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड हे संघ त्यासाठी झुंजत आले आहेत. खातेबंदीची अशी परिणती आमच्या व्यवसायात विरळाच!

हा क्लब अवघ्या पाच-सहा वर्षांत का बंद पडला? सभासद प्रामुख्याने ब्रिटिश अधिकारी, व्यापारी व सैनिक होते. पलटण दुसरीकडे हलली की खेळाडू कमी होत; उकाड्यात धसमुसळ्या खेळापेक्षा टेनिस आणि पोलो बरे वाटू लागले. स्थानिक तरुणांमध्ये या खेळाची मुळे गेलीच नव्हती. पुढे कोलकात्यात रग्बी पुन्हा सुरू झाला, मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरही तो टिकून राहिला. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला सात-सात खेळाडूंच्या संघांची व्यावसायिक साखळी स्पर्धाही झाली. तरीही आपल्याकडे त्याचे चाहते मोजकेच आहेत.

लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे, सहकाऱ्याकडे तो फेकताना पुढच्या दिशेने फेकायचा नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे तो जमिनीवर टेकवायचा, असे या खेळाचे ढोबळ स्वरूप आहे. इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेवरून त्याला नाव मिळाले. ब्रिटिशांबरोबर तो जगभर गेला; परंतु ज्या ठिकाणी साहेबांच्या क्लबाबाहेरील माणसांनी त्याला जवळ केले, तेथेच तो लोकांचा खेळ झाला, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

खुद्द इंग्लंडमध्ये याच प्रश्नावरून खेळाची फाळणी झाली. उत्तरेकडील क्लबांत खाणी-गिरण्यांतील कामगार खेळत. शनिवारी सामन्यासाठी काम सोडले की मजुरी बुडे. ती भरून द्यावी ही मागणी रग्बी संघटनेने हौशी खेळाच्या तत्त्वाखातर फेटाळली. अखेर १८९५ साली हडर्सफील्ड येथे वीसहून अधिक क्लब बाहेर पडले आणि त्यांतून ‘रग्बी लीग’ हा वेगळा खेळ उदयास आला. मूळ खेळाने उघडपणे मानधन स्वीकारले ते १९९५ साली, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी! ज्याच्या घरी चूल शनिवारच्या मजुरीवर पेटते, त्याला हौशी तत्त्व परवडत नाही, हे समजण्यास एवढा काळ का लागावा? शेजारच्या वेल्समध्ये मात्र कोळशाच्या खोऱ्यांतील कामगारांनी मूळ रग्बीच आपलासा केला.

न्यूझीलंडमध्ये पहिला सामना १८७० साली नेल्सन येथे झाला. अठराच वर्षांनी, १८८८ मध्ये, प्रामुख्याने माओरी खेळाडूंचा एक संघ दौऱ्यावर निघाला आणि त्याने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व मायदेश मिळून १०७ सामने खेळले. आज सामन्यापूर्वी न्यूझीलंडचा संघ जो ‘हाका’ सादर करतो, तो माओरींचाच वारसा होय.

दक्षिण आफ्रिकेत उलट घडले. तेथे रग्बी गोऱ्या सत्तेचे प्रतीक बनला आणि अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षक पाहुण्या संघालाच प्रोत्साहन देत. १९९५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला नेल्सन मंडेला हिरवी जर्सी घालून आले, हे दृश्य जगाने पाहिले. पण त्या संघात गौरेतर खेळाडू एकच होता. सिया कोलिसी हा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार २०१८ मध्ये झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने २०१९ व २०२३ चे विश्वचषक जिंकले.

जॉर्जियात ‘लेलो’ या जुन्या ग्रामीण चेंडूखेळामुळे रग्बी परका वाटला नाही. फ्रान्समध्ये त्याचे खरे घर पॅरिस नव्हे, तर तुलूझ आणि भोवतालचा नैर्ऋत्य प्रदेश होय.

सर्वांत विलक्षण उदाहरण फिजीचे. सुमारे नऊ लाख लोकवस्तीच्या या द्वीपराष्ट्राने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सात खेळाडूंच्या रग्बीत ब्रिटनला ४३-७ असे हरवून आपले पहिलेवहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळविले. देशात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. पुढच्या वर्षी फिजीच्या रिझर्व्ह बँकेने चक्क सात डॉलरची नोट काढली! नोटांचे दर्शनी मूल्य ठरविताना मध्यवर्ती बँका सहसा अशी रसिकता दाखवीत नाहीत.

याच फिजीत गिरमिटिया मजुरांचे वंशज मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या पूर्वजांना घेऊन ‘लिओनिडास’ हे पहिले जहाज कोलकात्याहूनच सुटले, तेही १८७९ च्या मार्चमध्ये, कलकत्ता कपचा पहिला सामना झाला त्याच महिन्यात. रग्बी मात्र मूळ फिजियन गावांतच रुजला. उसाच्या मळ्यांतील भारतीयांनी फुटबॉल निवडला. १९३८ साली स्थापन झालेल्या तेथील फुटबॉल संघटनेच्या नावातच प्रारंभी ‘इंडियन’ हा शब्द होता. सात डॉलरची नोट दोन्ही समाजांच्या हाती आली, पण मुलांच्या पायाशी येणारा चेंडू अजूनही बव्हंशी घराघरानुसार गोल किंवा लंबगोल असतो.