अंगणात आलेली हरिणे

हरिण म्हटले की भारतीय मनापुढे प्रथम उभा राहतो तो कण्व ऋषींचा आश्रम. कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकाच्या आरंभीच मृगयेला निघालेला दुष्यंत राजा एका मृगावर बाण रोखतो. परंतु हा आश्रमातील मृग आहे, त्याला मारू नये, असे तपस्वी त्याला विनवितात आणि राजा आपला बाण आवरतो. टपोरे डोळे, सडपातळ पाय आणि जराशा चाहुलीनेही थरारणारे अंग असलेल्या या निरुपद्रवी प्राण्याला कोणी इजा करू नये, असे सहृदय माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. असा हा प्राणी कोणाला नकोसा व्हावा, त्याच्या वाढत्या संख्येपुढे मोठमोठ्या नगरांनी हात टेकावेत, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला खरी वाटणार नाही. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज अनेक ठिकाणी असेच घडत आहे.

त्या देशाच्या पूर्व भागात 'पांढऱ्या शेपटीचे हरिण' विपुल आढळते. उन्हाळ्यात त्याचा रंग तांबूस असतो, तर हिवाळ्यात तो करडा होतो. भय वाटताच ते आपली शेपटी उंच उभारते आणि तिची पांढरीशुभ्र खालची बाजू निशाणाप्रमाणे झळकू लागते. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. नराच्या मस्तकावर फाटे फुटलेली शिंगे असतात. ती दर हिवाळ्यात गळून पडतात आणि वसंत ऋतूत पुन्हा नवी फुटू लागतात.

हेच हरिण एके काळी नामशेष होण्याच्या मार्गावर होते. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी मांसासाठी व कातड्यासाठी त्याची अनिर्बंध शिकार केली आणि शेतीसाठी त्याची वने तोडली. त्याच काळात त्यांनी लांडगे आणि प्यूमा नावाचे मोठे रानमांजर यांचाही पूर्व भागातून जवळजवळ निःपात केला, कारण हे प्राणी त्यांच्या गुराढोरांवर हल्ला करीत. १९०० सालाच्या सुमारास साऱ्या देशात मिळून या जातीची जेमतेम ३ ते ५ लाख हरिणे उरली असावीत, असा अंदाज आहे. तेव्हा मात्र लोक जागे झाले. एका राज्यात बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांचा दुसऱ्या राज्यात व्यापार करण्यास १९०० सालीच कायद्याने बंदी करण्यात आली. राज्यांनी शिकारीचे दिवस ठरवून दिले. १९३७ साली बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी राखून ठेवण्यात आले. जेथे हरिणे उरली होती तेथून ती आणून रिकाम्या वनांत सोडण्यात आली. याच काळात पूर्वेकडील कित्येक शेते ओस पडली व तेथे पुन्हा रान माजले. या सर्वांचे फळ असे की, एका शतकाच्या आत हरिणांची संख्या ३ कोटींच्या आसपास जाऊन पोहोचली. एखाद्या प्राण्याला वाचविण्यात मनुष्याला आलेले हे मोठेच यश होय.

परंतु या यशात एक उणीव राहून गेली होती. हरिण परत आले, मात्र त्याच्या मागावर असणारा लांडगा परत आला नाही.

हरिणाला घनदाट अरण्यापेक्षा अरण्याची कड अधिक प्रिय असते. तेथे लपावयास झाडी आणि खावयास कोवळा पाला, अशी दुहेरी सोय असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील लोक शहरांबाहेर बंगले बांधून राहू लागले. प्रत्येक बंगल्यापुढे हिरवळ, तिच्याभोवती फुलझाडे आणि पाठीमागे रानाचा एखादा तुकडा, अशी या उपनगरांची रचना असते. मनुष्याने आपल्या सुखासाठी जे उभारले, ते अजाणता हरिणाच्याच आवडीचे ठरले. तेथे त्याला ना लांडग्याचे भय, ना शिकाऱ्याचे. कारण घरांच्या जवळ बंदूक झाडण्यास सामान्यतः बंदी असते. पोसलेल्या हरिणीला बहुधा एका वेळी दोन पाडसे होतात. अन्न मुबलक असले आणि शत्रू नसला, तर एखादा कळप दोन-तीन वर्षांत दुप्पट होऊ शकतो.

न्यूयॉर्क महानगराचाच एक भाग असलेल्या स्टेटन आयलंड या बेटाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातून काही हरिणे मधली खाडी पोहून या बेटावर आली. २००८ साली तेथे अवघी २४ हरिणे मोजली गेली होती. २०१४ साली विमानातून पाहणी झाली, तेव्हा ती ७६३ भरली. पुढेही ही वाढ चालूच राहिली. प्रथम ज्यांनी कौतुकाने खिडकीतून हरिणे पाहिली, तेच लोक आता बागा उद्ध्वस्त झाल्याची तक्रार करू लागले.

बागेची हानी डोळ्यांना दिसते, परंतु रानाची हानी तितक्या सहज दिसत नाही. एक मोठे हरिण दिवसाला सुमारे २ ते ३ किलो पाला फस्त करते. हरिणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते डहाळी कापू शकत नाही, ओढून तोडते. फाटलेल्या, दशा निघालेल्या टोकावरून हरिण येऊन गेल्याचे जाणकार ओळखतात. ससा मात्र डहाळी सुरीने छाटल्यासारखी तिरपी कापतो. हरिणांची गर्दी झालेल्या रानात त्यांचे तोंड पोहोचते तेथपर्यंत, म्हणजे सुमारे ५ ते ६ फुटांपर्यंत, हिरवे पान शिल्लक राहत नाही. वर जुन्या वृक्षांची छाया तशीच असते. पाहणाऱ्याला रान समृद्ध भासते, परंतु ओक वृक्षाची कोवळी रोपे जमिनीतून वर येताच खाल्ली गेलेली असतात. हे वृक्ष वठल्यावर त्यांची जागा कोण घेणार?

हा केवळ तर्क नव्हे. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी रानाच्या काही भागांना कुंपणे घातली आणि प्रत्येक भागात निरनिराळ्या संख्येने हरिणे ठेवली. दहा वर्षांनी पाहता, जेथे हरिणे अधिक होती तेथे रोपांच्या जाती कमी झाल्या होत्या. त्याबरोबरच मध्यम उंचीच्या झाडोऱ्यात घरटी बांधणारे पक्षीही घटले होते. हरिण पक्ष्याला स्पर्शही करीत नाही, परंतु त्याच्या घरट्याचा आधारच खाऊन टाकते.

मनुष्यालाही याची झळ पोहोचते. अमेरिकेच्या रस्त्यांवर दरवर्षी १० लाखांहून अधिक वेळा हरिणे व मोटारी यांची टक्कर होते, असा अंदाज आहे. तीत असंख्य हरिणे मरतात आणि काही माणसेही प्राणास मुकतात. शिवाय हरिणांच्या अंगावर पोसल्या जाणाऱ्या एका जातीच्या गोचिडी 'लाइम' नावाचा रोग पसरवितात. कनेटिकट राज्यातील लाइम या गावी १९७५ साली अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा या रोगाकडे प्रथम लक्ष वेधले गेले. मात्र येथे हरिणावर सारा दोष ठेवणे योग्य नव्हे. रोगाचे जंतू गोचिडींना मुख्यतः रानउंदरांपासून मिळतात. हरिण केवळ मोठ्या गोचिडींना अन्न पुरविते. खेरीज वाढत्या संख्येचे दुःख हरिणांनाही भोगावे लागते. कडक हिवाळ्यात अन्न पुरेनासे झाले की दुबळी हरिणे आणि पाडसे उपासमारीने मरतात.

मग उपाय काय? काही उपाय प्रत्येक घराला करता येण्याजोगे आहेत. हरिण उंच उडी घेते, म्हणून बागेला सुमारे ८ फूट उंचीचे कुंपण घालतात. उग्र वासाच्या व केसाळ पानांच्या वनस्पती त्याला रुचत नाहीत, म्हणून कित्येक जण त्याच लावतात. पहाटे व तिन्हीसांजेला, विशेषतः शरद ऋतूत, मोटार सावकाश हाकावी लागते. आणि एक हरिण रस्ता ओलांडून गेले तर मागून दुसरे येईल, हे गृहीत धरावे लागते. गवतात एकटे निजलेले पाडस दिसले तरी त्याला उचलू नये, कारण ते पोरके नसते. त्याच्या अंगाला फारसा वास नसतो. म्हणून त्याची आई त्याला लपवून दूर चरावयास जाते आणि दूध पाजण्यास परत येते. भुकेलेल्या हरिणांना हिवाळ्यात धान्य घालणेही हितकर नाही. एकाएकी पोटात गेलेला मका त्यांना पचत नाही, कधी तो प्राणघातकही ठरतो. आणि एका जागी जमलेल्या हरिणांत रोग पसरतात. दयेने केलेली गोष्टही अज्ञानाने केली तर घातक होते.

परंतु एवढ्याने संख्या कमी होत नाही, आणि खरा मतभेद येथेच होतो. कोणी म्हणतात, परवाने देऊन मर्यादित शिकार करू द्यावी. लांडग्याचे काम आता मनुष्यानेच केले पाहिजे. कित्येक ठिकाणी असे करतात आणि ते मांस गरजूंना वाटतात. दुसरे म्हणतात, मनुष्याच्या चुकीची शिक्षा मुक्या प्राण्याला का? स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांवर शस्त्रक्रिया करून संतती रोखण्याचा मार्ग पत्करण्यात आला. हा मार्ग हिंसेचा नाही, परंतु तो खर्चाचा आणि दीर्घ सबुरीचा आहे. दोन्ही पक्षांना हरिणांविषयी कळकळ आहे. दोघांपैकी कोणाचाही मार्ग सोपा नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्या अंदमान बेटांवर ब्रिटिश राजवटीत चितळ नेऊन सोडण्यात आले. तेथे ना वाघ होता, ना बिबळ्या. चितळ बेटाबेटांवर पसरले आणि ते रानातील कोवळी रोपे वाढू देत नाहीत, असे अभ्यासकांना दिसून आले. तोच चितळ ताडोबाच्या अरण्यात वाघाच्या सोबतीने राहतो, म्हणून तेथील रानाला तो भार होत नाही. अर्थात अरण्याच्या कडेला शेती असलेल्या विदर्भातील शेतकऱ्याला हरिण, रोही व रानडुक्कर यांच्यापासून पीक राखण्यासाठी माळ्यावर रात्री जागून काढाव्या लागतात. त्याचे कष्ट विसरून केवळ हरिणाचे सौंदर्य वाखाणणे हा न्याय नव्हे.

तपस्व्यांनी हरिणाला अभय मागितले, ते उचितच होते. परंतु त्याच नाटकाच्या अखेरच्या अंकात दुष्यंताचा पुत्र सिंहाच्या छाव्याशी खेळताना दिसतो. कवीच्या त्या सृष्टीत मृगालाही जागा होती आणि सिंहालाही. मनुष्याने एकाला हाकलले व दुसऱ्याला अंगणात आणले. तेव्हा त्यांचा तोल सांभाळण्याचे ओझेही आता त्याच्याच शिरावर आले आहे.