घर, कागद आणि हक्क

कायदा हा विषय रुक्ष. तो वकिलांनी वाचावा आणि न्यायाधीशांनी सांगावा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कायद्यावरील व्याख्यान संपून श्रोत्यांच्या चिठ्ठ्या व्यासपीठाकडे येऊ लागल्या, म्हणजे ही समजूत किती वरवरची आहे ते कळते. बहुतेक चिठ्ठ्यांचा विषय एकच असतो, तो म्हणजे घर. 'भाडेकरू बारा वर्षे राहिला तर घर त्याचे होते काय?' असे एक गृहस्थ विचारतात. 'अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी नको ना?' असे दुसरे विचारतात. 'सोसायटीत नाव माझे लागले आहे, मग भावंडे वाटा कसा मागतात?' असा एखाद्या भगिनीचा प्रश्न असतो. जन्मभराची पुंजी जिच्यात घातली त्या वास्तूविषयीचे हे प्रश्न असल्यामुळे ते कोणी गमतीने विचारीत नाही. म्हणून त्यांचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी आम्हांस एकच घोटाळा दिसतो. ताबा, कागद आणि हक्क या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लोक त्या एकच समजतात. घरात राहतो कोण, हा ताब्याचा प्रश्न. लिहून काय ठेवले आहे, हा कागदाचा. आणि वाद निघालाच तर न्यायालय ते घर कोणाचे म्हणेल, हा हक्काचा. ताबा असून हक्क नसतो, कागद असून त्या कागदात हक्क नसतो, आणि हक्क असूनही कागद नसल्यामुळे तो सिद्ध करता येत नाही. हाती आलेल्या प्रत्येक कागदाला 'तू मला नेमके काय देतोस?' असा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर निम्मे दावे उभेच राहणार नाहीत.

भाडेकरू आणि परवानगीदार

प्रथम भाड्याच्या घराकडे वळू. दुसऱ्याची जागा वापरण्याच्या दोन रीती आहेत. भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याला त्या जागेत एक हितसंबंध मिळतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्याची व्याख्या आहे. उलट, 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणून ज्याला आपण ओळखतो, तो करार केवळ राहण्याची परवानगी देतो. जागेत हितसंबंध निर्माण करीत नाही. कराराला नाव कोणते दिले यापेक्षा पक्षकारांचा खरा उद्देश काय होता हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगून ठेवले आहे.

हा भेद महाराष्ट्रात इतका महत्त्वाचा का झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मुंबईत माणसे वाढली आणि जागा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा भाडेकरूला कोणी रस्त्यावर काढू नये म्हणून १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः 'प्रमाण भाडे' म्हणून कायम झाले. हेतू चांगला होता. परंतु पुढे दशकेच्या दशके भाडे तेथेच राहिले. आलेल्या भाड्यातून चाळीचा जिनाही दुरुस्त होईना, आणि रीतसर भाड्यात जे मिळत नव्हते ते पागडीच्या रूपाने घेतले जाऊ लागले. पुढे, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानगीदार चालू करारान्वये जागेत राहत होते, त्यांनाही कायद्याने भाडेकरू मानले. तेव्हापासून घरमालकाच्या मनात जी धास्ती बसली, ती अद्याप पुरती गेलेली नाही. घर रिकामे पडले तरी चालेल, पण कोणाला द्यायचे नाही, असे म्हणणारी वृद्ध मंडळी प्रत्येक शहरात आढळतात.

ही धास्ती आज अनाठायी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये दिला, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम २४ अन्वये राहण्यासाठी परवानगीने दिलेली जागा मुदत संपताच परत मिळण्याचा मालकाला अधिकार आहे. परवानगीदाराने जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. अशा अर्जात लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो.

मात्र त्यासाठी करार लेखी आणि नोंदलेला हवा. अकरा महिन्यांच्या कराराची जी रूढी पडली, तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्याने सक्तीची केली. साहजिकच लोकांनी मुदत एक महिन्याने कमी केली. परंतु १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने ही पळवाट महाराष्ट्रात बंद केली आहे. मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची, करार लेखी असलाच पाहिजे, नोंदलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीचे चार पैसे वाचविणारा मालक स्वतःचेच संरक्षण गमावून बसतो, ते असे.

जुन्या भाडेकरूंची स्थिती निराळी आहे. भाडे देणाऱ्या किंवा देण्यास तयार असणाऱ्या भाडेकरूला केवळ मालकाच्या मर्जीने काढता येत नाही. भाडे थकले तरी आधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीनंतर नव्वद दिवस जाईपर्यंत थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. मालकाची खरीखुरी गरज, परवानगीवाचून ठेवलेला पोटभाडेकरू, सबळ कारणाशिवाय सहा महिने बंद ठेवलेली जागा, अशी कारणे कायद्याने ठरवून दिली आहेत, आणि ती न्यायालयात शाबीत करावी लागतात. मालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढ मिळते. पाणी वा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणणे हा गुन्हा आहे. भाडेकरू वारल्यास त्याच्याबरोबर त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ शकतो. म्हणून रेशनकार्ड, मतदारयादी आणि विजेची बिले नीट जपावीत.

आता बारा वर्षांची गोष्ट. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांचा उल्लेख आहे हे खरे; पण तो प्रतिकूल ताब्याविषयी आहे. खऱ्या मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे आणि अखंड ठेवलेला ताबा म्हणजे प्रतिकूल ताबा. भाडेकरू मालकाच्या संमतीने आत येतो आणि दरमहा भाडे देऊन त्याची मालकी मान्य करतो. असा ताबा बारा काय, पन्नास वर्षे चालला तरी त्यातून मालकी उगवत नाही.

विकत घेताना

घर विकत घेण्याच्या वाटेवर चार कागद भेटतात. विसार पावती सांगते की काही रक्कम पोचली. साठेखत सांगते की पुढे विक्री करण्याचे ठरले आहे. खरेदीखत सांगते की विक्री झाली. आणि कुलमुखत्यारपत्र सांगते की एकाच्या वतीने दुसऱ्याने काम करावे. यांतील मालकी देणारा कागद खरेदीखत हाच, आणि तोही योग्य मुद्रांक लावून, सहीपासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी सादर केलेला असला पाहिजे. नुसत्या विक्रीच्या करारातून मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्टच म्हणते. साठेखत, मुखत्यारपत्र आणि ताबा एवढ्यावर घर 'घेतल्याचे' समाधान मानणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये बजावले आहे, की अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही.

सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर विकणाराचे नाव आहे, एवढ्याने निर्धास्त होऊ नये. त्या नोंदी प्रामुख्याने महसुलासाठी असतात. फेरफाराने नाव लागते, मालकी जन्मत नाही. म्हणून मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध वकिलाकडून घ्यावा, सूची क्रमांक दोनचे उतारे पाहावेत, बँकेचा बोजा आहे काय ते तपासावे, आणि सोसायटीकडून येणेबाकी नसल्याचा दाखला मागावा. घर वडिलोपार्जित असेल, तर बहिणींच्या सह्यांविना व्यवहार करू नये. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला आहे. आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेणाऱ्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, म्हणजे 'रेरा'चा आधार आहे. नोंदलेला करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकाला घेता येत नाही. ताबा ठरल्या वेळी न मिळाल्यास पैसे व्याजासह परत मागता येतात. आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचे दोष आढळल्यास ते विकसकाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचे असतात. तथापि सदनिकेची किल्ली हाती आली म्हणजे सर्व झाले, असे मात्र नाही. सोसायटीच्या नावे जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण झाले नाही, तर पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच राहते, आणि इमारत जुनी होऊन पुनर्बांधणीची वेळ आली की ही उणीव डोके वर काढते. विकसक टाळाटाळ करीत असल्यास 'मानीव अभिहस्तांतरणा'ची सोय २००८ च्या दुरुस्तीने झालेली आहे. त्यासाठी सोसायटीने सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावयाचा असतो.

मालकाच्या पश्चात

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे मृत्युपत्र केल्यासारखेच आहे, हा फार मोठा गैरसमज आहे. नामनिर्देशनामुळे सभासदाच्या मृत्यूनंतर व्यवहार कोणाशी करावा, एवढे सोसायटीला कळते. २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात झालेल्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्तीला, वारसांचे हक्क ठरेपर्यंत, तात्पुरते सभासदत्व मिळते. म्हणजे ती व्यक्ती घराची राखणदार असते. तेवढ्याने मालक होत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात त्याची विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांचा सारखा वाटा असतो. इतर धर्मीयांच्या वारशाचे नियम निराळे आहेत, ते आपापल्या वकिलाकडून समजून घ्यावेत.

कोणाला काय द्यावयाचे हे ज्याने ठरविले असेल, त्याने मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार मात्र हवेत. आणि ते हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. ते एकदा नोंदून दिले की सहसा परत घेता येत नाही. मुलाच्या शब्दावर विसंबून राहते घर त्याच्या नावे करणाऱ्या आईबापांना आमची आग्रहाची विनंती आहे, की आपल्या निर्वाहाची व राहण्याची अट त्या दस्तातच स्पष्ट लिहावी. तशी अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याचे कलम २३ त्यांना ते हस्तांतरण रद्द करून घेण्याचा मार्ग मोकळा करून देते.

'घरच्या माणसांत कागद कशाला?' असे आपण म्हणतो, आणि कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे मानतो. वस्तुतः बोलणे विसरले जाते, बोलणारी माणसे निघून जातात, आणि मागे राहिलेली सख्खी भावंडे न्यायालयाच्या बाकावर समोरासमोर बसतात. वेळीच केलेला स्वच्छ कागद घराचे रक्षण करतोच, पण त्याहून अधिक म्हणजे घरातील नात्यांचे रक्षण करतो.